विश्लेषण : फोन ६४ बिटचा, ॲप ३२ बिटचे... मग हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा?

सोयाबीन फुलोऱ्यावर आले की नांदगाव खंडेश्वर तालुक्यातला शेतकरी मोबाइल घेऊन बांधावर उभा राहतो आणि ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत सातबारावरचा पीकपेरा शेतकऱ्याने स्वतःच नोंदवायचा असतो. पुढे हमीभावाने विक्री करायची तर हाच पीकपेरा दाखवावा लागतो. कोणतेही ॲप अडले की दोष रेंजला नाहीतर सर्व्हरला दिला जातो आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण ॲप उघडता उघडताच बंद पडण्याचे आणखी एक कारण असते, ज्याचा रेंजशी काहीही संबंध नसतो. फोनमधला प्रोसेसर एका प्रकारचा, त्यावर चालणारी प्रोसेस दुसऱ्या प्रकारची आणि ॲपच्या पोटातला अनुवादक हुकूम देतो तो भलत्याच भाषेत. या अनुवादकाचे नाव जस्ट-इन-टाइम, म्हणजेच जेआयटी कंपायलर. त्याने लक्ष्य कसे ठरवावे, हा प्रश्न दिसतो तांत्रिक. पण त्याच्या चुकीची किंमत बहुधा स्वस्त आणि जुने यंत्र वापरणारा मोजतो.

जेआयटी कंपायलर म्हणजे काय?

प्रोसेसरला जावा, जावास्क्रिप्ट किंवा पायथन कळत नाही. त्याला कळते ती फक्त त्याची यंत्रभाषा. नेहमीचा कंपायलर हे भाषांतर आधीच करून ठेवतो. इंटरप्रिटर मात्र प्रोग्राम चालू असताना एकेक ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि काम करतो. तीच ओळ हजार वेळा आली तर अर्थही हजार वेळा लावतो. जेआयटी या दोघांच्या मधला. तहसीलसमोर अर्ज लिहून देणारा माणूस एकाच मजकुराचे अर्ज वारंवार येऊ लागले की छापील नमुना करून ठेवतो, तसा जेआयटी वारंवार लागणारा भाग हेरतो, त्याची यंत्रभाषेतली प्रत मेमरीत तयार करतो आणि पुढच्या वेळी प्रोसेसरला थेट तिथेच पाठवतो.

ही युक्ती नवी नाही. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी १९८४ मध्ये ती स्मॉलटॉक भाषेसाठी वापरून दाखवली. जावाचे हॉटस्पॉट १९९९ मध्ये आले, क्रोमचे व्ही८ इंजिन २००८ मध्ये आणि अँड्रॉइडला जेआयटी मिळाला तो २०१० मध्ये, २.२ या आवृत्तीत. आज ब्राउजर उघडणारा प्रत्येक माणूस नकळत जेआयटी वापरतो.

नेहमीच्या कंपायलरमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. नेहमीच्या कंपायलरने तयार केलेला कोड कुठेतरी, कोणत्या तरी यंत्रावर चालायचा असतो. त्यामुळे पुण्यातल्या संगणकावर बसून अमरावतीतल्या फोनसाठी कोड तयार करता येतो. जेआयटीचा कोड मात्र त्याच क्षणी, त्याच प्रोसेसच्या पोटात चालायचा असतो. म्हणून त्याला लक्ष्य निवडण्याची मोकळीक नाही. प्रोसेस ज्या भाषेत चालली आहे, त्याच भाषेत त्याने बोलले पाहिजे.

यंत्र आणि प्रोसेस वेगवेगळ्या कशा असू शकतात?

फोनच्या खोक्यावर ‘६४ बिट प्रोसेसर’ असे छापलेले असते. पण अनेक ६४ बिट प्रोसेसर ३२ बिटचे प्रोग्रामही चालवू शकतात. कोणती प्रोसेस कोणत्या पद्धतीने चालवायची हे ती सुरू होतानाच ठरते. क्रोमचेच पाहा. अँड्रॉइडच्या ६४ बिट फोनवरही ते कित्येक वर्षे ३२ बिट प्रोसेस म्हणूनच चालत होते, कारण ३२ बिटमध्ये प्रत्येक पत्ता चार बाइटांत मावतो, ६४ बिटमध्ये त्याला आठ बाइट लागतात. मेमरी कमी असलेल्या फोनवर हा फरक जाणवतो. याच कारणाने दोन जीबी मेमरीच्या अनेक स्वस्त फोनमध्ये प्रोसेसर ६४ बिट असूनही त्यावरची अँड्रॉइड प्रणाली मात्र ३२ बिटची घातलेली असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या. २०२३ पासून त्याच्या चौथ्या पिढीवर ३२ बिट प्रणालीखालीही ६४ बिटचा कर्नल आपोआप सुरू होऊ लागला. म्हणजे तळमजला ६४ बिटचा आणि वरचे सगळे घर ३२ बिटचे. ॲपलने नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिप आणली तेव्हा इंटेलसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम रोझेटा २ या अनुवादकामार्फत चालू लागले. तिथे यंत्र एआरएमचे, प्रोसेस मात्र इंटेलची. एआरएमवर चालणाऱ्या विंडोजमध्येही अशीच सोय आहे.

चुकीच्या भाषेत हुकूम दिला तर काय होते?

कापसाच्या व्यापारात एक खंडी म्हणजे ३५६ किलो. धान्याची जुनी खंडी वीस मणांची. शब्द एकच, पण वजन कोणत्या बाजारात उभे आहात त्यावर ठरते. यंत्रभाषेतही असे शब्द आहेत आणि ते धोकादायक आहेत.

इंटेलच्या एक्स८६ घराण्यात, सोळाच्या पायावरील अंकलेखनात ४८ असा लिहिला जाणारा एक बाइट आहे. ६४ बिट प्रोसेसमध्ये तो आज्ञेच्या आधी आला तर अर्थ होतो, ‘पुढची आज्ञा पूर्ण ६४ बिट रुंदीने कर.’ ३२ बिट प्रोसेसमध्ये तोच बाइट स्वतःच एक आज्ञा असतो आणि तिचा अर्थ होतो, ‘अमुक रजिस्टरमधल्या आकड्यातून एक वजा कर.’ समजा जेआयटीने एका रजिस्टरमधला आकडा दुसऱ्यात ठेवण्याची ६४ बिट आज्ञा लिहिली आणि प्रोसेस निघाली ३२ बिटची. प्रोसेसर तक्रार करत नाही. तो आधी एक वजा करतो, मग उरलेला आकडा दुसऱ्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि पुढे जातो. प्रोग्राम बंद पडत नाही, हिशेब तेवढा एकाने चुकतो. बंद पडणाऱ्या ॲपपेक्षा हे वाईट, कारण चूक झाल्याचे कोणाला कळतच नाही.

एआरएममध्ये ३२ आणि ६४ बिट आज्ञांची मांडणीच वेगळी असल्याने तिथे बहुधा ‘अवैध आज्ञा’ म्हणून प्रोसेस मारली जाते. आज्ञा योगायोगाने जुळल्या तरी रीतीरिवाज जुळत नाहीत. ३२ बिट एआरएममध्ये एखाद्या फंक्शनला माहिती देताना पहिल्या चार रजिस्टरांतून देतात, ६४ बिटमध्ये आठ रजिस्टरांतून. देणाऱ्याने पाचवी वस्तू एका खिशात ठेवली आणि घेणारा दुसराच खिसा चाचपू लागला, अशी ती गत.

चूक नेमकी कुठे होते?

चूक होते ती प्रश्न चुकीच्या माणसाला विचारल्याने. पहिली पद्धत कर्नलला विचारण्याची. रास्पबेरी पायवर कर्नल प्रामाणिकपणे सांगतो ‘६४ बिट एआरएम’. तो स्वतःबद्दल बोलतो आणि विचारणारा समजतो की आपल्याबद्दल बोलला. दुसरी पद्धत प्रोसेसरला विचारण्याची. तोही आपली पूर्ण ताकद सांगतो, पण या घडीला तो कोणत्या पद्धतीने चालवला जात आहे याची जबाबदारी घेत नाही. तिसरी पद्धत सर्वांत फसवी. कंपायलर ज्या संगणकावर तयार झाला, त्या संगणकाचे नाव त्याच्या पोटात कायमचे लिहिलेले असते आणि लक्ष्य सांगितले नाही तर तेच गृहीत धरले जाते. नेहमीच्या कंपायलरसाठी ही सोय रास्त आहे. जेआयटीसाठी ती उसनी टोपी आहे, बसली तर बसली.

या तिन्ही पद्धती लिहिणाऱ्याच्या टेबलावर व्यवस्थित चालतात, कारण तिथे यंत्र, कर्नल आणि प्रोसेस एकाच प्रकारची असतात. त्या फसतात त्या दूरच्या, जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर. आणि अशी यंत्रे कोणाच्या हातात असतात हे सांगायला नको.

यावर उपाय सापडला आहे का?

सापडला आहे आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जगातल्या असंख्य कंपायलरांचा पाया असलेला एलएलव्हीएम हा प्रकल्प २००० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केला. अडवे हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. या प्रकल्पाला २०१२ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

एलएलव्हीएममध्ये लक्ष्याला ‘ट्रिपल’ म्हणतात, म्हणजे प्रोसेसर, निर्माता आणि कार्यप्रणाली यांचे जोडनाव. ते विचारण्यासाठी दोन वेगळी फंक्शने आहेत. एक नेहमीच्या कंपायलरचे ठरलेले लक्ष्य सांगते. दुसरे खास जेआयटीसाठी आहे आणि ते चालू प्रोसेसचे लक्ष्य सांगते. दुसऱ्याची रीत साधी आहे. तयार होताना लिहून ठेवलेले नाव घ्यायचे आणि या प्रोसेसमध्ये पत्त्याची रुंदी किती हे पाहायचे. रुंदी चार बाइट असून नाव ६४ बिटचे असेल तर ते ३२ बिटच्या भावंडात बदलायचे. आठ बाइट असून नाव ३२ बिटचे असेल तर उलट करायचे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्येही ‘कार्यप्रणालीचे आर्किटेक्चर’ आणि ‘प्रोसेसचे आर्किटेक्चर’ असे दोन वेगळे गुणधर्म आहेत. दोन गोष्टींना दोन नावे दिली की अर्धी चूक तिथेच टळते.

मात्र पत्त्याची रुंदी हा पूर्ण पुरावा नव्हे. ॲपलच्या संगणकावर इंटेलची प्रोसेस आणि एआरएमची प्रोसेस, दोन्हींत पत्ता आठ बाइटांचाच असतो. तिथे खात्रीचा साक्षीदार एकच, खुद्द जेआयटीची लायब्ररी. सामान्यतः एका प्रोसेसमध्ये तिच्याच आर्किटेक्चरची लायब्ररी भरता येते, दुसरी आत येऊच शकत नाही. ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी. म्हणून लायब्ररीचा हा तुकडा कोणत्या आर्किटेक्चरसाठी कंपाइल झाला, हे तिने स्वतःलाच विचारावे. रोझेटाखाली चालणाऱ्या इंटेल प्रोसेसमधला जेआयटी इंटेलचीच आज्ञा लिहितो आणि रोझेटा ती चालू असतानाच एआरएममध्ये उलथवतो. जेआयटीने शहाणपणा करून ‘खरे यंत्र तर एआरएमचे आहे’ म्हणत थेट एआरएमची आज्ञा लिहिली, तर तिथेच सगळे कोसळते.

आर्किटेक्चर जुळले, म्हणजे झाले?

तेवढ्याने भागत नाही. एकाच आर्किटेक्चरमध्ये कमी-जास्त सोयी असतात. इंटेलने एकाच पिढीच्या महाग कोअर चिपमध्ये एव्हीएक्स या वेगवान आज्ञा दिल्या आणि त्याच पिढीच्या स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये कित्येक वर्षे त्या बंद ठेवल्या. जेआयटीने फक्त पिढीचे नाव वाचून ‘हिला एव्हीएक्स येणारच’ असे धरले की महाग लॅपटॉपवर प्रोग्राम धावतो आणि स्वस्तावर ‘अवैध आज्ञा’ म्हणत पडतो. आडनावावरून ऐपत ठरवण्यासारखेच हे. योग्य रीत म्हणजे एकेक सोय स्वतंत्रपणे विचारायची आणि कार्यप्रणाली ती वापरू देते का, हेही पाहायचे.

२०१६ मधले मोनो या प्रणालीचे प्रकरण तर अभ्यासक्रमात घालावे असे आहे. सॅमसंगच्या एक्झिनॉस ८८९० या चिपवर प्रोग्राम अधूनमधून कारण नसताना कोसळत होते. त्या चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर होते. मोठ्यांची कॅशेची ओळ १२८ बाइटांची, छोट्यांची ६४ बाइटांची. जेआयटीने नवा कोड लिहिला की जुनी कॅशे ओळीओळीने पुसावी लागते. पुसणाऱ्या कोडने ओळीची लांबी एकदाच विचारून लक्षात ठेवली होती. पहिल्यांदा विचारले तेव्हा प्रोसेस मोठ्या कोअरवर असली तर उत्तर मिळाले १२८. नंतर ती छोट्या कोअरवर सरकली आणि तिथे एकाआड एक ओळ न पुसताच राहिली. प्रोसेसर त्या जागी शिळ्या आज्ञा वाचू लागला. उपाय निघाला तो म्हणजे सर्व कोअरमधली सर्वांत लहान लांबी धरायची. प्रोसेस एका कोअरची मिंधी नसते, म्हणून जो कोअर आत्ता समोर आहे त्याचे उत्तर सगळ्यांचे मानू नये, हा त्यातला धडा.

अँड्रॉइडने काय केले?

गंमत म्हणजे योग्य उत्तर नांदगावच्या शेतकऱ्याच्या खिशात आधीपासूनच आहे. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० पासून ६४ बिटचा पाठिंबा आला. दोन्ही प्रकारची ॲप चालवणाऱ्या फोनमध्ये ‘झायगोट’ नावाच्या मूळ प्रोसेस दोन असतात, एक ६४ बिटची, एक ३२ बिटची. प्रत्येक ॲप त्यातल्या एकीपासून जन्मते आणि आपल्याच प्रकारचा एआरटी रनटाइम सोबत घेऊन येते. २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून या रनटाइममध्ये जेआयटी पुन्हा आला. तो ‘फोन कोणता’ हे शोधत बसत नाही, कारण तो ज्या घरात जन्मला त्याच घराची भाषा बोलतो.

घोटाळा होतो तो ॲपने स्वतःबरोबर आणलेल्या लायब्ररींमध्ये. ॲपच्या पाकिटात ३२ आणि ६४ बिट एआरएमसाठी वेगवेगळे फोल्डर असतात. ६४ बिट फोनवर, ६४ बिटच्या फोल्डरमध्ये एक जरी लायब्ररी सापडली तरी ॲप ६४ बिट म्हणून बसवले जाते. नकाशाची लायब्ररी दोन्ही प्रकारांत दिली आणि कॅमेऱ्याची फक्त ३२ बिटमध्ये दिली, तर ॲप उघडते, नकाशा दिसतो आणि फोटो काढायच्या क्षणी ते बंद पडते. उलटही घडते. गावात एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर ॲप पाठवण्याची पद्धत आहे. प्ले स्टोअर अनेकदा त्या-त्या फोनपुरताच भाग उतरवते. नव्या ६४ बिट फोनवरचा तो भाग जुन्या ३२ बिट फोनवर गेला की ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ एवढेच उत्तर मिळते. का, ते कोणी सांगत नाही.

३२ बिटचे दिवस संपलेच, मग चिंता कशाला?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. गुगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून नव्या ॲपना ६४ बिट प्रत सक्तीची केली. १ ऑगस्ट २०२१ पासून केवळ ३२ बिट असलेली ॲप ६४ बिट फोनना देणे थांबवले. २०२२ चा पिक्सेल ७ तर फक्त ६४ बिट ॲप चालवतो. दोन प्रकार सांभाळायचे म्हणजे चाचणी दुप्पट, हेही खरे.

पण त्यातून ‘जुन्यांचे पाहायलाच नको’ असा निष्कर्ष निघत नाही. वऱ्हाडातल्या घरात फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो, मुलाचा जुना फोन बापाकडे येतो. दुकानात मिळणे बंद झाले म्हणून वापर बंद होत नाही. शिवाय प्रश्न केवळ ३२ आणि ६४ चा नाही. प्रत्येक पिढीत तो नव्या कपड्यांत परत येतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभारला तो ट्रान्सप्युटर चिपवर. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर होता. २०२० चा परम सिद्धी-एआय एएमडीच्या प्रोसेसरवर आणि एनव्हिडियाच्या जीपीयूवर. तीस वर्षांत पाया इतक्या वेळा बदलला. आता एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेल्या डीआयआर-व्ही कार्यक्रमातून देश रिस्क-व्हीकडे निघाला आहे आणि त्या आर्किटेक्चरचे वैशिष्ट्यच असे की मूळ आज्ञा थोड्या, बाकी सोयी ऐच्छिक. दोन चिपांत सारख्याच सोयी असतील याची हमी नाही. ‘आपण नेमके कुठे चाललो आहोत’ हे नीट विचारायची सवय आज लागली नाही, तर स्वदेशी चिपवरही हीच रड होईल.

मग काय व्हायला हवे?

जेआयटी लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. लक्ष्य सांगितले नसेल तर चालू प्रोसेसचे आर्किटेक्चर हेच गृहीत असावे. दुसरे काही हवे असेल तर ते मुद्दाम मागावे लागावे. सोयी नावावरून न ओळखता एकेक तपासाव्यात. आणि ओळख पटली नाही तर अंदाज न करता इंटरप्रिटरवर यावे. हळू चालणारे ॲप शेतकरी सहन करतो, बंद पडणारे नाही. एकाने चुकलेला हिशेब तर कोणीच सहन करू नये.

सरकारी ॲपची जबाबदारी अधिक आहे, कारण तिथे नागरिकाला दुसरे दुकान नसते. किराणा मागवण्याचे ॲप चालले नाही तर माणूस दुसरे घेतो. पीकपेरा नोंदवायला दुसरे ॲप नाही. म्हणून अशा ॲपच्या निविदेतच अट हवी. दोन्ही प्रकारच्या सर्व लायब्ररी पाकिटात असाव्यात, दोन जीबी मेमरीच्या ३२ बिट फोनवर चाचणी झालेली असावी आणि ती खोलीत नव्हे, तालुक्याच्या ठिकाणी झालेली असावी. या अटीचा खर्च मोठा नाही. चाचणीसाठी लागणारे जुने फोन नांदगाव खंडेश्वरच्या कोणत्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पडलेले असतात.

आणि फोन खरोखरच चालण्यासारखा नसेल, तर तसे स्पष्ट मराठीत सांगावे. ‘हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही, नोंदीसाठी तलाठी कार्यालयात या’ एवढी एक ओळ पुरे. ती दिसली तर शेतकरी रेंज शोधत बांधावरून बांधावर फिरणार नाही आणि नोंदणीची मुदत त्याच्या हातातून जाणार नाही.